सांगितलं किती, मागितलं किती : पेटंटचं गद्य वाचताना

या व्याख्यानमालेत याआधी कादंबरीवर, नाटकाच्या भाषेवर, अनुवादावर बोलणारी माणसं येऊन गेली. माझं नाव यादीत बघून काहींना वाटलं असेल की संयोजकांची एक तारीख रिकामी राहिली असावी. (हशा) मी मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी. एम.एस्सी.नंतर काही वर्षं प्रयोगशाळेत काढली, मग पेटंट एजंटची परीक्षा दिली आणि पुढची अकरा वर्षं दुसऱ्यांच्या शोधांबद्दल लिहिण्यात गेली. लिहिण्यातच गेली, हे मुद्दाम सांगते. पेटंटचं काम म्हटलं की लोकांना काळा कोट आणि कोर्टातली जुगलबंदी आठवते. जैवतंत्रज्ञानात तरी त्यातलं बरंचसं काम टेबलाशी बसून गद्य लिहिण्याचं असतं. आणि गद्य आहे म्हटल्यावर त्याची समीक्षा व्हायला हरकत नसावी. आजवर ती न्यायाधीशांनी केली. आज मी वाचक म्हणून थोडी करून बघते.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका जीवाणूपासून एन्झाइम मिळवण्याची पद्धत होती. शोध दुसऱ्याचा, मसुदा माझा. मी लिहिलं, ३७ अंश सेल्सिअसला २४ तास. आमच्या सीनियरनी ३७ वर काट मारली आणि वर लिहिलं, २५ ते ४५. मी म्हटलं, ‘सर, त्यांनी प्रयोग ३७लाच केलाय.’ ते म्हणाले, ‘अगं, शेजारचा ३६ला करेल आणि तुझ्या क्लायंटकडे बघून हसेल.’ गंमत अशी की त्यांचंही बरोबर होतं आणि माझंही. पुढची अकरा वर्षं मी त्या दोन आकड्यांच्या मधेच काढली असं म्हटलं तरी चालेल.

ज्यांनी पेटंटचा कागद कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. त्याचे ढोबळ दोन भाग. आधी लांबलचक वर्णन : शोध काय, कसा केला, उदाहरणं, तक्ते, आकृत्या. शेवटी क्लेम, म्हणजे दावे, आकडे घातलेले. एक दावा, एक वाक्य. ते वाक्य कधीकधी अर्धं पान चालतं. वर्णनात सांगायचं, दाव्यात मागायचं. व्यवहार सरळ आहे : त्या विषयातल्या जाणकाराला तुमचा शोध स्वतः करून बघता येईल इतकं सांगा, त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं तो इतर कुणी करायचा नाही. हा ‘जाणकार’ मोठा मजेशीर वाचक आहे. आपल्या काव्यशास्त्रात ‘सहृदय’ असतो ना, कवीच्या मनाशी मन जुळलेला? तसाच हा कायद्यातला कल्पित वाचक. फरक एवढाच की याने स्वतःची प्रतिभा वापरायची नाही. त्याला प्रतिभा वापरावी लागली तर लिहिणाऱ्याने पुरेसं सांगितलं नाही, असा अर्थ होतो.

म्हणून मी असा कोणताही कागद हातात घेतला की एकच बघते. सांगितलं किती आणि मागितलं किती? या दोन्हींमधलं अंतर हाच या गद्याचा गुण आणि हाच दोष. आपल्याकडे पेटंट एजंट व्हायला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, अमेरिकेतही पेटंट कार्यालयापुढे उभं राहायला तांत्रिक शिक्षण लागतं. ते कशासाठी लागतं याचं खरं उत्तर मला या अंतरात सापडतं.

आधी एक मला आवडणारा कागद. आनंद मोहन चक्रवर्ती हे बंगालमधून गेलेले शास्त्रज्ञ, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये कामाला. १९७२ साली त्यांच्या नावाने अर्ज झाला, तेल खाणाऱ्या जीवाणूचा. जीवाणूवरचा दावा साधारण असा : स्यूडोमोनास वंशाचा जीवाणू, ज्यात ऊर्जा निर्माण करणारी किमान दोन स्थिर प्लाझ्मिडं आहेत आणि त्यातलं प्रत्येक हायड्रोकार्बन पचवण्याचा वेगळा मार्ग पुरवतं. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज असलेली डीएनएची छोटी कडी. संपला दावा. यातला ‘स्थिर’ हा शब्द बघा. प्लाझ्मिडं तर निसर्गातही असतात, पण अशी दोन एका पेशीत नांदत नव्हती, एक आलं की दुसरं बाहेर. चक्रवर्तींनी अतिनील किरण वापरून ती एकमेकांत जोडली, तेव्हा ती टिकली. म्हणजे त्या माणसाचं सगळं कष्टाचं काम ‘स्थिर’ या एका विशेषणात आहे. ‘किमान दोन’ यात वकिलाचा हात दिसतो, ‘स्थिर’मध्ये विज्ञान समजलेल्या माणसाचा. दोघे एका वाक्यात सुखाने नांदतायत.

त्या कागदात ३६ दावे होते. परीक्षकाने जीवाणू बनवण्याच्या पद्धतीचे मंजूर केले. पेंढ्यासारख्या पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूवर जीवाणू पसरून तेलाच्या तवंगावर सोडायचे, तेही मंजूर केले. नुसत्या जीवाणूवरचे नाकारले, कारण जिवंत वस्तूवर पेटंट कसं द्यायचं? पेंढा चालतो, पेंढ्यावरचा जीव चालत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८० साली ५ विरुद्ध ४ मतांनी चक्रवर्ती जिंकले. त्या निकालाच्या बऱ्यावाईट परिणामांवर रात्रभर बोलता येईल, ते सोडते. मला त्या कागदातली आणखी एक गोष्ट सांगायची आहे : त्यातले जीवाणू अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या संग्रहात ठेवलेले होते आणि त्यांचे क्रमांक मजकुरात दिलेले आहेत.

हे का करावं लागतं? कारण सजीवाचं वर्णन शब्दांत पुरतं होत नाही. यंत्राचं होतं, चित्र काढलं, माप दिलं की झालं. मातीतून मिळालेला एखादा जीवाणू मी कितीही सुंदर मराठीत वर्णन करून सांगितला तरी तुम्हाला तो बनवता येणार नाही. तिथे गद्य हात टेकतं आणि म्हणतं, नळी बघा. यासाठी १९७७चा बुडापेस्ट करार आहे, आणि त्याखाली मान्यता मिळालेले संग्रह चंदीगडला आहेत तसे आपल्या पुण्यातही आहेत. आपल्या कायद्यातही आहे की शब्दांनी भागत नसेल तर नमुना जमा करा, आणि तो जैविक माल कुठून आणला तेही लिहा. दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकारात लेखकाला अशी कबुली द्यावी लागते, मला माहीत नाही. मला ती फार सभ्य वाटते.

आता न आवडणारं वाक्य. आमच्या धंद्यात ते रोज भेटतं, आणि मीही शेकडो वेळा लिहिलंय : ‘अनुक्रम क्रमांक १शी किमान ८० टक्के साम्य असलेलं प्रथिन’. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ८० टक्के म्हणजे शंभरातले वीस मणी बदलले तरी माझंच. शेजाऱ्याने एक मणी बदलून पळू नये म्हणून हे लिहितात, हेतू समजण्यासारखा आहे. पण जरा हिशेब करू. समजा प्रथिन ३०० मण्यांचं आहे. एकच मणी बदलायचा तर ३०० जागा, प्रत्येक जागी उरलेले १९ पर्याय, म्हणजे ५,७०० प्रथिनं. दोन बदलले तर १ कोटी ६१ लाखांच्या वर जातं. ८० टक्के म्हणजे साठ मणी बदलायची मुभा! ते गणित मी इथे फळ्यावर करत नाही. आणि ज्याच्या नावाने हे लिहायचं त्याने प्रयोगशाळेत प्रत्यक्ष बनवलेली असतात तीन. कधी चार.

बरं, ही बदललेली प्रथिनं काम करतात का? सिकल सेलचा आजार घ्या, आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारमध्ये तो नवा नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी १४५ जशीच्या तशी. साम्य ९९ टक्क्यांहून जास्त, आणि तरी ऑक्सिजन कमी पडला की रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात. हे बी.एस्सी.च्या पोराला माहीत असतं. मग हेच शिकलेली बाई ८० टक्के कसं लिहिते? इथेच माझा या लेखनावरचा आक्षेप सुरू होतो. शब्द कुठे ताणता येतो हे कळण्यासाठी विज्ञान वापरलं जातं. तो कुठे तुटतो, हेही त्याच विज्ञानाने आपल्याला सांगितलेलं असतं, पण त्याबद्दल आपण चूप.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे मिरियाड कंपनीचे बीआरसीए जनुकांवरचे दावे. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरशी जोडलेली ही जनुकं. एका दाव्यात बीआरसीए-१ प्रथिनाचा संकेत असलेला, पेशीतून वेगळा काढलेला डीएनए मागितला. पुढच्या एका दाव्यात म्हटलं, त्या डीएनएतली किमान १५ अक्षरं असलेला कुठलाही वेगळा काढलेला तुकडा. आता डीएनएची अक्षरं चार. पंधरा अक्षरी शब्द किती होतील? चाराचा पंधरावा घात, म्हणजे १०७ कोटी. माणसाचा जीनोम साधारण ३०० कोटी अक्षरांचा. म्हणजे कुठलाही पंधरा अक्षरी शब्द निव्वळ योगायोगानेही सरासरी दोन-तीनदा त्यात सापडायचा. या दाव्याच्या जाळ्यात किती असंबंधित जनुकांचे तुकडे येतात, हे कळायला सुपरकॉम्प्युटर नको, पाकिटाची मागची बाजू पुरते. लिहिणाऱ्याला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि हा शब्दखेळ नव्हता. ज्या बाईच्या घरात आई, मावशी या आजाराने गेल्या, तिला अमेरिकेत ही तपासणी एकाच कंपनीकडून करावी लागे आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घेण्याची सोय नव्हती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, निसर्गातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून तुमचा होत नाही; प्रयोगशाळेत बनवलेला सीडीएनए होऊ शकतो. त्यात न्यायमूर्ती स्कालिया यांनी परिच्छेदभर वेगळं मत जोडलंय. निकाल मान्य, पण रेणवीय जीवशास्त्राचे बारकावे मी माझ्या ज्ञानाच्या किंवा विश्वासाच्या बळावर खरे म्हणू शकत नाही, असा त्याचा आशय. मला हा परिच्छेद फार महत्त्वाचा वाटतो. वाचणारा इतका मोठा माणूस म्हणतोय, मला यातलं कळत नाही. म्हणजे तो कुणाच्या भरवशावर आहे? लिहिणाऱ्याच्या.

हळदीची गोष्ट तुम्ही डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या व्याख्यानात ऐकली असेलच, म्हणून पूर्ण सांगत नाही. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं, सीएसआयआरने पुराव्यांनिशी आव्हान दिलं आणि १९९७ साली ते दावे फेटाळले गेले. आपण ही लढाईची गोष्ट म्हणून सांगतो. मी मात्र तो दावा वाचला तेव्हा चकित झाले ते त्याच्या साधेपणाने. इंग्रजी दाव्यांत एक भेद कटाक्षाने पाळतात : ‘ज्यात हे आहे’ आणि ‘ज्यात फक्त हेच आहे’. पहिलं दार उघडं ठेवतं, दुसरं बंद करतं. मराठीत नुसत्या ‘च’ने भागतं, हळदीचं आणि हळदीचंच. या दाव्यातलं औषध ‘हळदीच्या पुडीचंच’ होतं. तूप नाही, चुना नाही, कसला अर्क नाही. चलाख मसुदाकाराने चार गोष्टी घालून दावा वळवला असता. इथे मागणं इतकं नेमकं होतं की ते थेट आजीच्या डब्यावर जाऊन पडलं. मागण्याचा हावरटपणा त्यात नव्हता. चूक झाली ती आधीचं ज्ञान शोधण्यात.

आणि त्यातही मेख अशी की तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर मोजत नसत, छापील मजकूर लागे. तुमच्या-माझ्या गुडघ्यावरची हळद पुरावा नव्हती. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ आणि १९५३चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेख हा पुरावा होता. २०१३ला तो कायदा बदलला. पण आजही परीक्षक जे वाचू शकत नाही ते त्याच्या लेखी नसल्यातच जमा असतं. हे ओळखूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह सुरू झाला.

आता अलीकडचं, आणि माझ्या मते या गद्यावरची सगळ्यात चांगली समीक्षा ज्यातून निघाली ते प्रकरण. अॅमजेन विरुद्ध सनोफी, मे २०२३. आपल्या रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल यकृताच्या पेशींवरचे ग्राहक पकडून बाजूला काढतात. पीसीएसके-९ नावाचं प्रथिन त्या ग्राहकांचाच काटा काढतं. त्या प्रथिनाला अडवणारी अँटिबॉडी दिली की कोलेस्टेरॉल उतरतं. अॅमजेननेही अशी अँटिबॉडी बनवली, सनोफी आणि रिजनेरॉननेही. अनुक्रम वेगळे, दोघांची पेटंटंही वेगळी. इथवर भांडण नव्हतं. पण २०१४ साली अॅमजेनला आणखी दोन पेटंटं मिळाली. त्यातलं मागणं अनुक्रमाचं नव्हतं, कामाचं होतं : पीसीएसके-९वरच्या अमुक जागांना चिकटणाऱ्या आणि त्याला ग्राहकापर्यंत जाऊ न देणाऱ्या सगळ्या अँटिबॉडी.

सगळ्या! सांगितल्या होत्या २६. बाकीच्या कशा मिळवायच्या, तर वर्णनात दोन वाटा दिलेल्या. एक, आम्ही केलं तसं पुन्हा पहिल्यापासून करा आणि काय मिळतं ते बघा. दुसरी, मिळालेल्या अँटिबॉडीतलं एखादं अमिनो आम्ल त्याच स्वभावाच्या दुसऱ्याने बदला आणि काय होतं ते बघा. नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, ही पाककृती नाही, हा गृहपाठ आहे. शब्द माझे, पण आशय तोच. निकालात एक उपमा आहे, शंभर चकत्यांचं कुलूप, प्रत्येक चकतीला वीस खाचा. कुणी धडपडून २६ जुळण्या शोधल्या, म्हणून उरलेल्या सगळ्या जुळण्या त्याच्या होतात का? वीस हा आकडा अर्थातच अमिनो आम्लांचा आहे. त्याच निकालात जुनी प्रकरणंही येतात. विजेने दूरवर अक्षरं उमटवण्याचे सगळे मार्ग मागणारा मोर्स येतो. दिव्याच्या तारेसाठी झाडून सगळे तंतू मागणारे दोघे येतात. त्यांच्या यादीतल्या हजारो तंतूंतून एडिसनला उपयोगी पडलं ते बांबू.

तरी अॅमजेनच्या वकिलांना मी हसणार नाही. २६ अनुक्रम मागितले की सत्ताविसावा दुसरा कुणी करणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. वर्षानुवर्षांचं काम एका बदललेल्या मण्याने निसटतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय, येते त्यावर.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट दहा वर्षं आधी, १ एप्रिल २०१३ला, नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक प्रकरणात सांगितली होती. त्या निकालाची चर्चा कलम ३(ड) आणि औषधांच्या किमती यांवरच झाली, ते साहजिकही होतं. पण कंपनीचा एक युक्तिवाद खास आमच्या धंद्यातला होता : आधीच्या पेटंटात हा क्षार ‘व्यापला’ होता, पण ‘उघड केला’ नव्हता. म्हणजे वसुलीच्या वेळी तो आमचा, आणि नवं पेटंट मागताना तो अजून कुणाला माहीतच नाही. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने हे मानलं नाही. व्यापलेलं आणि उघड केलेलं यांत मोठी दरी पडावी, आणि शोधाच्या अंगच्या मोलाऐवजी कुशल वकिलांच्या कारागिरीवर पेटंटचा आवाका ठरावा, अशा दिशेने या देशातला कायदा वाढावा असं आम्हाला वाटत नाही, असं त्यांनी लिहिलं. मी तेव्हा ऑफिसात नवी होते. ते पान प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आणि ८० टक्के लिहीतही होते.

एक छोटी कंपनी आमच्याकडे आली, आपल्याच राज्यातली. एन्झाइम चांगलं होतं, गरम पाण्यात टिकणारं. मी सवयीने ८० टक्के लिहिलं. त्यांनी बनवलेले प्रकार होते तीन. परीक्षकाने अहवालात विचारलं, बाकीचे काम करतात याला आधार काय? आधार नव्हता. दावा आकसत आकसत त्या तीन अनुक्रमांवर आला. पेटंट मिळालं. पुढे एका स्पर्धकाने काही मणी बदलून तसंच एन्झाइम बाजारात आणलं, आणि आमच्या तीन अनुक्रमांच्या कुंपणाला त्याचा धक्काही लागला नाही. मालकांचा फोन आला. चिडले नव्हते. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही सायन्सच्या ना? हे तुम्हाला आधी कळत नव्हतं का?’

कळत होतं. आपल्याकडे आधी तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण वर्णन द्यायला बारा महिने मिळतात. त्या बारा महिन्यांत मी त्यांना म्हणायला हवं होतं, तुमच्या एन्झाइमची ही दोन टोकं नाजूक दिसतायत, मधला भाग बदल सोसेल असं वाटतं, तर तिथले आठ-दहा प्रकार बनवून तापमानाचे आकडे आणून द्या. मग कदाचित ९५ टक्के मागता आले असते, आणि ते टिकलेही असते. त्यासाठी माझी एम.एस्सी. उपयोगी पडायला हवी होती. मी ती शब्द रुंद करायला वापरली. प्रयोग वाढवायला वापरली असती तर त्या माणसाचं कारखान्याचं कर्ज फिटायला मदत झाली असती. आमच्या सीनियरांनी ३७चं २५ ते ४५ केलं ना, तेव्हा मी एकच विचारायला हवं होतं : ‘सर, त्यांना २५ला आणि ४५ला करून बघायला सांगू का?’ एका दिवसाचं काम होतं हो ते.

आज मी तीन कागद छापून आणलेत. चक्रवर्तींचा, हळदीचा आणि अॅमजेनचा. त्यातल्या दाव्यांवर मी पिवळी खूण केली आहे, वर्णनातल्या उदाहरणांवर हिरवी. बाहेर चहाच्या टेबलावर ठेवते. कुठल्या कागदावर कुठला रंग जास्त आहे ते बघा. इंग्रजीचं दडपण घेऊ नका, ते इंग्रजी इंग्रजांनाही कळत नाही. (हशा) आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, आधी त्यांना माइक द्या.